दुसऱ्याने सुरू केलेला पंख

पंख आले ते आयशर टेम्पोतून, जुन्या गाद्यांत गुंडाळून. मगरिबची वेळ होती. द्वारकेजवळच्या आमच्या गॅरेजासमोर टेम्पो उभा राहिला आणि आजूबाजूची पोरे गोळा झाली. कोणी म्हणाले सोलरची फ्रेम आहे, कोणी म्हणाले होर्डिंगचा सांगाडा. गादी बाजूला झाली तेव्हा आतून ॲल्युमिनियमचा पत्रा चमकला. त्याखाली फासळ्यांची रांग दिसली. शेजारचा टायरवाला म्हणाला, "ये तो मछली का ढाँचा लगता है." तसेच दिसत होते.

आम्ही दोघे भाऊ डेंटिंग-पेंटिंगचे काम करतो. ट्रकची केबिन, टेम्पोचा हौदा, रिक्षाचा दबलेला मडगार्ड, हा आमचा धंदा. विमानाचा पंख आमच्याकडे यावा असे आमच्यात काही नाही. तो आला अब्बांमुळे.

अब्बा ओझरला होते. नाशिककरांना ओझर म्हणजे काय हे सांगायला नको, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या त्या गावाला लोक आजही ओझर-मिगच म्हणतात. १९६४ साली तिथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि जुन्या नाशकातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागला. अब्बा पत्र्याच्या खात्यात फिटर म्हणून लागले. आधी मिग-२१, पुढे मिग-२७. आयुष्यभर त्यांनी रिवेट मारले. आमच्या गॅरेजात त्याला रिपीट म्हणतात. अब्बांना तो शब्द आवडत नाही. म्हणतात, "रिपीट तुमच्या ट्रकला. विमानाला रिवेट."

पंखांचे मालक गंगापूर रोडला राहणारे, निवृत्त झालेले प्राध्यापक. आम्ही त्यांना सर म्हणतो आणि ते अब्बांना चाचा म्हणतात. त्यांनी दुसऱ्या शहरातून एक अर्धवट बांधलेले दोन आसनी विमान विकत घेतले होते. अमेरिकेतून किट मागवून एका इंजिनिअर गृहस्थाने ते घरी बांधायला घेतले होते. ते वारले आणि पत्नीने सगळे सामान विकून टाकले. सरांना ते पुरे करायचे होते. त्यांनी अब्बांना विचारले, "चाचा, एकदा डोळ्यांखालून घालता का?"

घरी विमान बांधणे हा प्रकार वाचकांना विचित्र वाटेल. आम्हालाही वाटला. पण अमेरिकेत अशा हौशी मंडळींची संघटना १९५३ पासून आहे आणि ऑशकॉश या गावी दर वर्षी त्यांचा मोठा मेळा भरतो. तिथला नियम असा की विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेले असले पाहिजे. आपल्याकडे कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि त्याची सरकारी नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. त्यासाठी त्या माणसाने किती वर्षे घातली हे मराठी वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. सरांच्या टेबलावर त्या बातमीचे कात्रण काचेखाली लावलेले होते.

दोन पंखांपैकी डावा बरा होता. ही गोष्ट उजव्याची आहे.

त्याचा खालचा पत्रा अजून बंद झालेला नव्हता, म्हणून आत पाहता येत होते. अब्बांनी चष्मा पुसला, बल्ब हातात घेतला आणि मुळापासून टोकाकडे एकेक रिवेट पाहत गेले. पहिल्या तीन फासळ्यांपर्यंत ते काही बोलले नाहीत. चौथ्या फासळीपाशी थांबले. मग आम्हाला जवळ बोलावले.

रिवेट म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे. एका बाजूला तयार डोके असलेली ती ॲल्युमिनियमची छोटी खुंटी. ती भोकात घालायची, डोक्यावर हवेची बंदूक लावायची आणि पलीकडून शेपटाला लोखंडाचा जड ठोकळा टेकवून धरायचा. त्या ठोकळ्याला आम्ही डॉली म्हणतो. बंदुकीच्या ठोक्यांनी शेपूट डॉलीवर चेपते आणि दुसरे डोके तयार होते. खुंटी ३.२ मिलिमीटर जाडीची असेल तर चेपलेले डोके तिच्या दीडपट रुंद म्हणजे ४.८ आणि निम्मे उंच म्हणजे १.६ मिलिमीटर भरले पाहिजे. जास्त चेपले तर धातू ठिसूळ होतो, कमी चेपले तर पकड बसत नाही. डॉली तिरकी झाली की डोके एका बाजूला कलंडते.

चौथ्या फासळीपासून पुढे डोकी कलंडलेली होती. काही ठिकाणी पत्र्यावर बंदुकीच्या कडेचे चंद्रकोरीसारखे वण होते. काही भोकांची बर काढलेली नव्हती. भोक पाडल्यावर कडेला जी धारदार किनार राहते ती बर. ती घासून काढली नाही तर पुढे तिथूनच बारीक चीर सुरू होते. पुढे तर चक्क पॉप रिवेट मारलेले होते. नकाशात तिथे भरीव रिवेट दाखवले होते.

सगळ्यात वाईट होते ते मागच्या बहालावर. पंखात आडवे दोन बहाल असतात, पुढचा मोठा आणि मागचा लहान. घराला जशी तुळई तसा पंखाला बहाल. त्याच्या काठापासून भोकाचा मध्य निदान खुंटीच्या जाडीच्या दुप्पट आत असावा लागतो, म्हणजे इथे ६.४ मिलिमीटर. दोन भोके ४ मिलिमीटरवरच होती. फाईलमध्ये लावायच्या कागदाला अगदी काठाशी भोक पाडले तर काय होते ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. दोरी ओढली की कागद फाटतो. पत्र्याचेही तेच, फक्त तो जमिनीवर फाटत नाही.

मग आम्ही गवंड्याचे दोन ओळंबे आणले, पंख उभ्या ठोकळ्यांवर बसवला आणि दोन्ही टोकांना दोरी सोडून पाहिली. पंखाला पीळ होता. थोडासाच, पण खालचा पत्रा लावून बंद केला असता तर तो कायमचा राहिला असता. असे विमान हवेत सारखे एका कुशीवर झुकते आणि चालवणाऱ्याला पूर्ण वेळ दांडा दाबून धरावा लागतो.

आम्ही हसायला लागलो. गॅरेजात दुसऱ्याचे काम उघडले की हसायची सवयच असते. "कोणत्या गाढवाने केलंय हे?" असे आमच्यापैकी एक म्हणाला. इंजिनिअर म्हणे. आमच्याकडे महिनाभर शिकलेले पोरगे बरे.

अब्बा शांतपणे म्हणाले, "जो आदमी इदर नहीं है, उसकू गाली नहीं देने का. वो जवाब नहीं दे सकता."

त्यांनी शाळेची दोनशेपानी वही मागवली. प्रत्येक फासळीला एक पान. किती रिवेट, कोणते काढायचे, का काढायचे. माणसाविषयी एक शब्दही लिहायचा नाही. "ओझरला प्रत्येक कामाखाली दोन सह्या असायच्या," ते म्हणाले, "करणाऱ्याची आणि बघणाऱ्याची. इथे करणारा गेला. बघणारे आपण आहोत."

चुकलेला रिवेट काढणे हे मारण्यापेक्षा अवघड. तयार डोक्याच्या मधोमध एक बारीक ठिपका खोदलेला असतो. ड्रिलचे टोक त्या ठिपक्यावर धरायचे आणि फक्त डोक्याच्या जाडीइतकेच आत जायचे. मग पंचाने डोके हळूच मोडायचे आणि पलीकडून लाकडाचा आधार देऊन खुंटी बाहेर ठोकायची. ड्रिल जरा घसरले की भोक लंबगोल होते. मग पुढच्या मापाचा जाड रिवेट लागतो आणि जाड रिवेटला काठापासूनचे अंतरही जास्त लागते. एक चूक सुधारताना दुसरी जागा खाल्ली जाते.

आम्ही दिवसा ट्रकचे काम करायचो आणि इशानंतर पंखाचे. एक ड्रिल धरायचा, दुसरा पलीकडून आधार द्यायचा. थकलो की जागा बदलायचो. अब्बा स्टुलावर बसून वहीत खुणा करायचे. महिनाभरात पॉप रिवेट सगळे निघाले, बर निघाली, पीळ सैल झाला. आमचा हात बसला होता. हात बसला की माणूस घाई करतो.

त्या रात्री रमजानचा चौथा रोजा होता. तरावीह करून आलो होतो, डोळ्यांवर झोप होती. मागच्या बहालावर, त्या दोन वाईट भोकांच्या मधल्या चांगल्या भोकातला रिवेट काढत होतो. ड्रिल घसरले. एवढुसा कर्र आवाज झाला. बल्ब जवळ नेला तर भोक काठाकडे ओढले गेले होते.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. अब्बा घरी गेले होते.

खरे सांगायचे तर त्यानंतरचा अर्धा तास आम्हाला अजून टोचतो. आम्ही दोघांनी, एकही शब्द न बोलता, एकच विचार केला. डावीकडे त्याचे वाईट भोक, उजवीकडे त्याचे वाईट भोक. मधले तिसरेही त्याचेच होते असे वहीत लिहिले तर कोणाला कळणार? तो गृहस्थ कबरीतून, म्हणजे त्यांच्यात जाळतात तर राखेतून, थोडाच उठून येणार होता सांगायला? किंवा लिहायचेच कशाला? जाड रिवेट घालायचा, वर हिरवट प्रायमरचा हात मारायचा. रिवेटचे डोके बसले की भोक दिसतच नाही. रिवेटची हीच गंमत आहे, तो स्वतःचीच खोट झाकतो.

प्रायमरचा डबा आम्ही उघडलाही.

मग आमच्यातल्या एकाला टीव्हीवर पाहिलेला एक कार्यक्रम आठवला. २ जून १९७८ ला ओसाका इथे उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ ची शेपूट धावपट्टीवर घासली होती. शेपटाशी हवेचा दाब अडवणारी एक भिंत असते, तिची दुरुस्ती झाली. आत अखंड जोडपट्टी बसायला हवी होती, ती दोन तुकडे करून बसवली गेली. त्यामुळे जो भार रिवेटांच्या दोन ओळींनी पेलायचा तो एकाच ओळीवर आला. बाहेरून सांधा नीटनेटका दिसत होता. विमान सात वर्षे, बारा हजारांहून जास्त वेळा उडाले. १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फुटली. ५२४ माणसांपैकी ५२० गेली, चार वाचली.

डबा आम्ही बंद केला. पण सांगायचे कसे, या विचारात सहरीपर्यंत झोप लागली नाही.

फजरनंतर अब्बा आले आणि नेहमीप्रमाणे बल्ब घेऊन आधी बहालाकडेच गेले. एका नजरेत त्यांना दिसले. त्यांनी वही उघडली, पेन काढले आणि विचारले, "ये छेद किसका है?"

आम्ही म्हणालो, "आमचा."

"दोघांचा कसा? ड्रिल तर एकाच्याच हातात असणार."

आम्ही पुन्हा म्हणालो, "आमचा." ड्रिल कोणाच्या हातात होते ते आम्ही सांगितले नाही, आजही सांगत नाही. एकाने ड्रिल धरले होते, दुसऱ्याने आधार. घसरले ते दोघांच्या हातांमधून. अब्बांनी पुन्हा विचारले नाही. वहीत लिहिले: मागचा बहाल, मधले भोक, आमच्या हातून बिघडले. तारीख टाकली. खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या.

खुलासा महागात पडला. सरांनी फोटो आणि मापे किट बनवणाऱ्यांना पाठवली. उत्तर आले ते असे की आधीची दोन भोके जोडपत्रा लावून वाचवता आली असती, पण मधले तिसरेही गेल्यामुळे आता सबंध मागचा बहाल बदला. म्हणजे त्या गृहस्थाच्या चुकांनी बहाल गेला नव्हता, आमच्या चुकीने गेला. नवा बहाल अमेरिकेतून यायचा, त्यावर कस्टम. आमची दोन महिन्यांची कमाई. सर म्हणाले निम्मे मी देतो. अब्बा म्हणाले, "नको सर. छेद आमचा आहे." त्या ईदला घरात नवे कपडे फक्त मुलांचे शिवले गेले. अम्मीने आधी कुरबुर केली, मग म्हणाली, "सस्ते में छूटे."

त्यानंतर मात्र एक गोष्ट झाली. त्या गृहस्थाच्या कामावर हसणे आमच्याकडून आपोआप बंद झाले.

नवा बहाल यायच्या सुमारास त्यांची पत्नी नाशिकला आल्या होत्या. सरांनी त्यांना गॅरेजात आणले. सत्तरीच्या बाई, सुती साडी, हातात कापडी पिशवी. आम्ही खुर्ची पुसून दिली. त्यांनी पंखावरून हात फिरवला आणि सरळ विचारले, "यांचं काम कसं होतं हो?"

आम्ही खाली पाहिले. अब्बा उठले, त्यांना आधी डाव्या पंखाकडे घेऊन गेले. म्हणाले, "ताई, हे बघा. ओझरला चाळीस वर्षे काम केलेला माणूस सांगतो, ही ओळ मीही याहून चांगली मारली नसती." ते खोटे नव्हते. मग उजव्या पंखाशी आणले, पहिल्या तीन फासळ्या दाखवल्या. "इथपर्यंत उत्तम. इथून पुढे हात बदललाय. आम्हाला कळत नाही का ते."

बाई चौथ्या फासळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथपर्यंत तो ठोकळा मी धरायचे."

त्यांच्या मनगटाचे ऑपरेशन झाले होते. त्यानंतर डॉलीचे वजन त्यांना पेलेना. मुलगा परदेशात. यजमान म्हणाले, मी बघतो एकटा. एका हातात बंदूक, दुसरा हात पंखाखालून वळवून डॉली. जिथे हात पोचला नाही तिथे पॉप रिवेट, कारण तो एकाच बाजूने लागतो, एकट्याला मारता येतो. बाई शेजारच्या खोलीत बसून आवाज ऐकायच्या. "मला आवाजावरून कळायचं, नीट लागत नाहीये. पण म्हटलं, कशाला बोला. त्यांना आणखी वाईट वाटेल."

अब्बांनी मग त्यांना सगळे सांगितले. पीळ, काठावरची भोके, काही लपवले नाही. आणि वही काढून आमच्या सह्यांचे पानही दाखवले. बाईंनी ते वाचले आणि पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे चुकणारे हे एकटेच नव्हते."

जाताना त्यांनी पिशवीतून डॉली काढून टेबलावर ठेवली. बाकी सामान विकले तेव्हा तेवढी त्यांनी मागे ठेवली होती. एका बाजूने हाताच्या घामाने ती काळी-गुळगुळीत झालेली होती.

उरलेले रिवेट आम्ही त्याच डॉलीवर मारले. चौथ्या फासळीशी काम करताना बंदूक धरणारा दर खेपेला विचारायचा, "तयार?" आणि डॉली धरणारा "हां" म्हणाल्याशिवाय घोडा दाबायचा नाही. रिवेटची एक बाजू एकाला दिसते, दुसरी दुसऱ्याला. दोन्ही बाजू एकाच वेळी पाहील असा माणूस जन्मला नाही. त्या गृहस्थाने सगळे एकट्याने करायचे ठरवले हीच त्यांची चूक होती, बाकीच्या चुका तिच्या पोटातून आल्या. आम्ही दोघे असून चुकलो, पण दोघे होतो म्हणूनच एकाला तो कार्यक्रम आठवला आणि दुसऱ्याने डब्याचे झाकण लावले.

नवव्या शतकात कॉर्डोबाच्या अब्बास इब्न फिरनासने पंख बांधून उडी घेतली असे सांगतात. ही हकीकत अल-मक्करी या इतिहासकाराने फार पुढे, सतराव्या शतकात नोंदवली आहे. उडाला बराच, पण उतरताना पाठ मोडली, कारण पक्षी उतरताना शेपटाचा आधार घेतो हे तो विसरला आणि त्याने शेपूट लावलेच नव्हते. आमच्या मोहल्ल्यातले उर्दू शाळेचे मास्तर ही गोष्ट नेहमी अभिमानाने सांगतात. अब्बांना तिच्यातली उडी तेवढी आवडत नाही, त्यांना आवडते ते एवढेच की काय चुकले तेही कोणीतरी लिहून ठेवले.

ओळंबे सोडून पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही दोऱ्या एका रेषेत आल्या. सरांनी खालचा पत्रा लावायच्या आधी सगळ्या फासळ्यांचे फोटो घेतले. पंख टेम्पोत चढले तेव्हा ती दोनशेपानी वही सोबत गेली. विमान अजून उडालेले नाही. इंजिन, तपासण्या, परवानग्या, पुष्कळ काम बाकी आहे. आम्ही विचारत राहतो आणि सर सांगत राहतात.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला गेला. अब्बा टीव्हीसमोर बसून होते. ती विमाने ओळीने जाताना ते ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते. आम्ही विचारले, काय मोजता? म्हणाले, "काही नाही. माझे किती रिवेट उतरले ते बघतोय."

मग आमच्याकडे वळून म्हणाले, "सरांना फोन करा. विचारा, वहीत अजून पाने शिल्लक आहेत ना?"